मेरिटमध्ये आलेली माणसं

आई होती तोवर सांगलीत आमच्या गल्लीत सगळ्यांना सांगायची, "आमची थोरली ऑस्ट्रेलियात मेरिटमध्ये आहे." ऐकणाऱ्याला वाटायचं, पोरगी एवढ्या वयात तिकडं जाऊन पुन्हा कसल्या तरी परीक्षेत नंबरात आली. मला दहावीला बावन्न टक्के होते, हे गल्लीला चांगलं ठाऊक होतं, म्हणून कौतुक जरा जास्तच व्हायचं. मी आईला फोनवर दोनदा समजावून पाहिलं. तिसऱ्यांदा सोडून दिलं.

आपल्याकडं मेरिट म्हणजे बोर्डाची यादी, पेपरात फोटो, पेढे. मी ज्या गावात वीस वर्षं काम केलं त्या लिस्मोरमध्ये मेरिटमध्ये यायचं तर आधी पोलिसांनी पकडावं लागतं. खिशात हेरॉईनची पुडी सापडलेली असावी, किंवा नशेच्या पैशासाठी कुणाच्या गाडीची काच फोडलेली असावी. 'मॅजिस्ट्रेट्स अर्ली रेफरल इंटू ट्रीटमेंट' या लांबलचक नावाची आद्याक्षरं जुळवून हे मेरिट तयार झालं. खटला निकाली निघायच्या आधीच मॅजिस्ट्रेटनं आरोपीला उपचाराकडं धाडायचं, अशी ही योजना. जुलै 2000 मध्ये ती सुरू झाली ती सिडनीत नव्हे, आमच्या लिस्मोरच्या कोर्टात. मी 2004 साली तिच्यात कामाला लागले. मिरजेत नर्सिंग शिकलेली बाई, इंग्रजी पुस्तकी, गाडी चालवायची भीती.

लिस्मोर हे न्यू साउथ वेल्स राज्याच्या ईशान्य कोपऱ्यातलं गाव. सिडनी सातशे किलोमीटरहून लांब, क्वीन्सलँडची हद्द मात्र हाकेच्या अंतरावर. विल्सन्स नदीच्या काठी, तिला दुसरा ओढा येऊन मिळतो नेमका त्या जागी गाव वसलंय. म्हणजे सांगलीच्या माणसानं जिथं घर घेऊ नये तिथंच. पावसाळी रात्री रेडिओवर नदीची पातळी सांगायला लागले की मला कृष्णेवरच्या आयर्विन पुलाची आठवण यायची. आमच्याकडं फूट, इथं मीटर, एवढाच फरक. "पाणी कुठवर आलं?" हा प्रश्न दोन्हीकडं एकाच सुरात विचारतात.

या गावाचा इतिहास मला कुणी पुस्तकातून शिकवला नाही. माझ्याकडं येणाऱ्या माणसांच्या आज्या-पणज्यांच्या गोष्टींतून तो तुकड्या-तुकड्यांनी हाती आला, आणि मग मी नगर वाचनालयात जाऊन ताडून पाहिला.

सगळ्यात आधी इथं बुंदजलंग लोकांचा मुलूख होता आणि सुमारे 75,000 हेक्टरांचं घनदाट जंगल होतं. गोऱ्यांनी त्याला 'बिग स्क्रब' म्हटलं. स्क्रब म्हणजे झुडपं. एवढ्या उंच झाडांना झुडपं म्हणणाऱ्यांच्या हातात कुऱ्हाड असणार हे उघडच आहे. 1840 च्या दशकात लाकूडतोडे आले ते 'रेड सीडर'साठी. हे झाड मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा पानं ओळखीची वाटली. घरी येऊन शोधलं, तर तो आपल्या सह्याद्रीत वाढणारा तून निघाला. तीच जात. इथं त्याला तांबडं सोनं म्हणायचे. सोनं संपलं, मग उरलेलं जंगल जाळून गवत लावलं, गवतावर गाई आल्या. त्या 75,000 हेक्टरांतलं आज शेकडा एक हेक्टरसुद्धा शिल्लक नाही.

गाई आल्या तिथून मला हा इतिहास घरचा वाटायला लागतो. माझे वडील आमच्या मूळ गावच्या दूध संस्थेचे सचिव होते. पहाटे चारला कॅनचा खडखडाट, फॅट मोजायचं यंत्र, दूध नासलं म्हणून भांडणं, हे मी झोपेत ऐकत वाढले. लिस्मोरच्या आसपासचे शेतकरी 1895 साली एकत्र आले आणि बायरन बे इथं त्यांनी सहकारी लोणी कारखाना काढला. तीच पुढं 'नॉर्को'. आजही इथल्या फ्रिजमध्ये नॉर्कोचंच दूध असतं. वळणावळणाला छोटे लोणी कारखाने उभे राहिले. लोणी रेल्वेनं बंदरावर, बंदरावरून बोटीनं इंग्लंडला. वडिलांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी एकच विचारलं: "दर कोण ठरवायचं?" दर लंडन ठरवायचं. 1 जानेवारी 1973 ला ब्रिटन युरोपच्या सामाईक बाजारात गेला आणि ऑस्ट्रेलियाच्या लोण्याची वाट अडली. लहान गोठे त्याआधीच धापा टाकत होते, ते आता बसले. पोरं शहरात गेली. लिस्मोरच्या उत्तरेला तीसेक किलोमीटरवर निंबिन नावाचं खेडं आहे. तिथल्या मुख्य रस्त्यावरची दुकानं कुलपात गेली.

त्याच 1973 च्या मे महिन्यात या ओस गावात हजारो तरुण येऊन उतरले. विद्यार्थ्यांच्या राष्ट्रीय संघटनेनं भरवलेला तो 'ॲक्वेरियस' महोत्सव. जागा शोधणाऱ्यांनी निंबिन निवडलं ते तिथं रिकामी दुकानं आणि स्वस्त जमीन होती म्हणून. दहा दिवस गाणी, नाटकं, नदीत उघड्यानं आंघोळी. गावकऱ्यांचे डोळे पांढरे झाले असणार. महोत्सव संपला तरी बरेच जण गेले नाहीत. मोडकळीला आलेले गोठे आणि माळरानं त्यांनी वर्गणी काढून विकत घेतली, सामाईक मालकीच्या वसाहती केल्या. 1979 साली तेरानिया क्रीकचं उरलंसुरलं जंगल तोडायला यंत्रं आली तेव्हा हीच पोरं त्यांच्यासमोर आडवी पडली, आणि पुढं सरकारला ते जंगल राखावं लागलं. ही झाली एक बाजू. दुसरी बाजू म्हणजे गांजा. लोण्याच्या टेकड्यांवर गांजा लागला. मग पोलीस आले, हेलिकॉप्टर आली, धाडी सुरू झाल्या. 1993 पासून निंबिनमध्ये दर मे महिन्याच्या सुरुवातीला गांजाचा कायदा बदला म्हणून मिरवणूक निघते. लाकडाचं गाव लोण्याचं झालं आणि लोण्याचं गांजाचं, असं माझी थोरली सहकारी म्हणायची. ती चार पिढ्यांच्या गवळ्यांच्या घरातली. बोलण्यात खंत असायची की अभिमान, मला कधी कळलं नाही.

आता त्या लोणी कारखान्यांपैकी एकाकडं येते, कारण माझ्या मते ही सगळी कहाणी तिथं वळते. बँगालो गावाजवळ बिना बरा इथं रेल्वेरुळांना लागून असाच एक बंद पडलेला कारखाना होता. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला तिथं हेरॉईनमधून सुटू पाहणाऱ्यांची एक वसाहत सुरू झाली. नाव काय द्यायचं यावर डोकं खाजवायची गरज पडली नाही. 'द बटरी', म्हणजे लोण्याचं घर. तिथली पद्धत साधी आहे, म्हणूनच अवघड. महिनोन् महिने एकत्र राहायचं, स्वयंपाक, झाडलोट, बाग सगळं स्वतः करायचं, आणि रोज गोल करून बसायचं आणि एकमेकांना खरं सांगायचं. आधी आलेला नंतर आलेल्याला सांभाळतो. मी पहिल्यांदा गेले तेव्हा स्वयंपाकघरात एक दांडगा माणूस गाजरं किसत होता आणि त्याचे हात थरथरत होते. त्यानं मला चहा करून दिला. पुण्यातलं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र मला तेव्हा आठवलं. 1986 साली डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात ते सुरू केलं, पु. ल. आणि सुनीताबाईंच्या देणगीवर. शिकत असताना मी तिथं दोन दिवस जाऊन आले होते. बिना बऱ्याचं लोण्याचं घर त्याच्याही आधीचं.

दारू-नशा करणाऱ्याला तुरुंगात घालायचं की दवाखान्यात, हा वाद या देशात जुना आहे, आणि दवाखान्याची बाजू नेहमी दयेचीच होती असं समजू नका. क्वीन्सलँडनं 1897 साली एक कायदा केला. नावात मूळनिवासींचं 'संरक्षण' आणि अफूविक्रीवर 'निर्बंध', असे दोन्ही शब्द एकत्र. मूळनिवासी मजुरांना काही मालक मजुरी म्हणून अफूची राख देत, हे खरंच होतं. पण कायद्यानं मालकांपेक्षा मजुरांनाच जास्त धरलं. संरक्षणाच्या नावाखाली त्यांना घरादारांतून उचलून राखीव वस्त्यांत नेलं आणि पुढं कित्येक दशकं त्यांची लग्नं, मजुरी, येणं-जाणं सरकार ठरवत राहिलं. ती अफू चीनच्या किनाऱ्यावरून, हाँगकाँगमध्ये शिजवून यायची, आणि हाँगकाँगात जाणारा कच्चा माल बहुतेक हिंदुस्थानचा. हे वाचलं त्या रात्री मला जरा चमत्कारिक वाटलं.

न्यू साउथ वेल्सचा 1912 चा कायदा अट्टल दारुड्यांसाठी होता. कोर्टाच्या हुकमानं माणसाला बारा महिन्यांपर्यंत संस्थेत ठेवता यायचं. संस्था म्हणजे प्रत्यक्षात बहुधा वेड्यांचं इस्पितळ. बायकोनं अर्ज करायचा, डॉक्टरानं दाखला द्यायचा, नवरा आत. माझ्या एका वृद्ध पेशंटचा आजा असा 'आत' गेला होता. घरात त्याचा विषय निघाला की सगळे गप्प व्हायचे.

नव्वदच्या दशकात हेरॉईन स्वस्त झालं आणि सिडनीतून गावोगाव पोचलं. 1999 साली देशभरात अफूवर्गातल्या नशेच्या जादा मात्रेनं हजाराहून जास्त माणसं मेली. त्या वर्षाच्या जानेवारीत सिडनीच्या रेडफर्न भागातल्या गल्लीत एक कोवळा मुलगा सुई टोचून घेतानाचा फोटो रविवारच्या पेपरात आला आणि राज्य हादरलं. मे महिन्यात मुख्यमंत्री बॉब कार यांनी विधिमंडळाच्या सभागृहातच अमली पदार्थांवर पाच दिवसांची परिषद भरवली. आमदारांच्या बाकांवर डॉक्टर, पोलीस, व्यसनातून उठलेली माणसं, मुलं गमावलेले आईबाप बसले. 172 शिफारशी निघाल्या. तिकडं कॅनबेरातलं जॉन हॉवर्ड यांचं केंद्र सरकार 'टफ ऑन ड्रग्ज'ची घोषणा देत होतं. पण त्याच सरकारनं राज्यांना नशेखोर आरोपींना उपचाराकडं वळवायला पैसा दिला, ही गंमत ध्यानात ठेवण्याजोगी. बोलायचं कडक आणि खर्चायचं मऊ. राजकारणात याच्या उलट फार पाहिलं होतं मी.

त्याच वर्षाच्या फेब्रुवारीत पॅरामाटाला ड्रग कोर्ट सुरू झालेलं होतं. पण ते पश्चिम सिडनीत राहणाऱ्यांपुरतं. खेड्यातल्या माणसाला त्याचा उपयोग शून्य. मेरिटसाठी लिस्मोर निवडलं यामागं काय काय चर्चा झाल्या ते जुने लोक आपापल्या परीनं सांगतात, आणि प्रत्येकाच्या गोष्टीत नायक तो स्वतःच असतो. माझं मत असं: लिस्मोरला कोर्ट छोटं होतं, मॅजिस्ट्रेट, पोलीस आणि दवाखाना एकमेकांना नावानं ओळखत होते, आणि मुख्य म्हणजे पाठवायला जागा होती.

हे शेवटचं मला वडिलांनी शिकवलं. 'डायव्हर्जन' म्हणजे काय, हे मी त्यांना फोनवर सांगत होते. म्हटलं, वळवणं. तुरुंगाकडं जाणाऱ्याला उपचाराकडं वळवायचं. ते म्हणाले, "अगं, पाणी वळवायचं तर आधी पाट खणलेला असायला लागतो. नाहीतर शेजाऱ्याच्या पिकात घुसतं." लिस्मोरचा पाट सरकारनं 2000 साली खणला नाही. लोण्याच्या कारखान्यात राहायला गेलेल्या, गावानं ओवाळून टाकलेल्या माणसांनी तो पंचवीस वर्षं आधी खणून ठेवला होता.

योजना चालते कशी, ते सांगते. अटक झालेल्या माणसाचं नाव पोलीस सुचवतो, नाहीतर वकील, नाहीतर मॅजिस्ट्रेट. तो स्वतःही विचारू शकतो. गुन्हा कबूल करायची अट नाही. जामीन मिळण्याजोगा गुन्हा हवा, गंभीर मारहाण किंवा लैंगिक गुन्हा नको, आणि नशेचा त्रास खरोखरीचा हवा. आम्ही त्याच्याशी तासभर बोलायचं. तो तयार असला की खटला पुढं ढकलायचा, जामिनाला उपचाराची अट जोडायची, आणि बारा आठवडे तो आमचा. नशा उतरवायची, हेरॉईनऐवजी द्यायच्या मेथाडोन या औषधाची सोय बघायची, बोलायचं, राहायला घर शोधायचं, दातांच्या डॉक्टरकडं न्यायचं. दात हा मोठाच विषय. हेरॉईनवाल्यांचे दात पाहिल्यावर माणूस हसत का नाही ते कळतं. बारा आठवड्यांनी मॅजिस्ट्रेटकडं अहवाल जातो आणि तो ध्यानात घेऊन शिक्षा ठरते. म्हणजे गुन्हा माफ नाही. मध्येच सोडून गेला तर त्याबद्दल वेगळी शिक्षाही नाही. माझा भाऊ हे ऐकून म्हणाला होता, "मग कोण कशाला पूर्ण करील?" तरी लोक करायचे. कोर्टात नाव पुकारल्यावर मॅजिस्ट्रेटनं अहवाल वाचून मान वर करावी आणि "छान केलंस" म्हणावं, हे ज्याला आयुष्यात कोर्टानं तारखेपलीकडं काही दिलेलं नाही त्याला केवढं असतं, ते मी त्या बाकावर बसून पाहिलंय. अक्षरशः मेरिटचे पेढे.

आता माझी चूक. 2004 च्या मे महिन्यात कॅसिनो गाव ते मरविलम्बा ही रेल्वे बंद झाली. लोणी बंदरावर नेणारी, लिस्मोर, बँगालो, बायरन बेवरून जाणारी तीच ही लाइन. मी तेव्हा नवी. माझ्या यादीत वीस-बावीस वर्षांचा एक मुलगा होता, रेल्वेच्या वाटेवरच्या खेड्यात आजीकडं राहायचा. तो पहिल्या तीन भेटींना आला, मग दोनदा आलाच नाही. मी नियमाप्रमाणं लिहिलं: गैरहजर, प्रतिसाद नाही. फाइल कोर्टात गेली. तारखेला तो आला, घामानं डबडबलेला, बूट हातात. मॅजिस्ट्रेटनं विचारलं, का नाही गेलास? तो म्हणाला, "गाडी बंद झाली ना." मला वाटलं, त्याची मोटार बंद पडली. आगगाडी म्हणतोय हे माझ्या डोक्यात शिरायला अर्धं मिनिट लागलं. बस होती, पण आठवड्यातून मोजके दिवस आणि ती आमची कचेरी उघडायच्या आधी पोचून परत निघायची. त्या दिवशी आठ किलोमीटर चालत येऊन मग त्यानं लिफ्ट मिळवली होती. अहवालातलं 'प्रतिसाद नाही' हे माझं वाक्य मॅजिस्ट्रेटनं मोठ्यानं वाचलं आणि माझ्याकडं पाहिलं. बोलले काही नाहीत. त्याच महिन्यात मी गाडी शिकले.

तेव्हापासून माझ्या वहीत प्रत्येकाच्या नावापुढं बसचं वेळापत्रक असायचं. बोनाल्बोसारख्या डोंगरातल्या गावाहून लिस्मोर म्हणजे तासाभरापेक्षा जास्तीचा रस्ता, आणि यायचं कुणाला, तर ज्याचा परवाना गेलाय त्याला. इथं हमखास जाणारी गोष्ट म्हणजे वाहन परवाना. डिसेंबर 2006 पासून पोलीस रस्त्यात लाळ तपासायला लागले. नशेत गाडी चालवतोय का हे ती तपासणी सांगत नाही, अंश आहे की नाही एवढंच सांगते. अंश सापडला की परवाना जातो. परवाना गेला की कामही गेलं, आणि आमच्याकडं यायची वाटही. लिस्मोरचे मॅजिस्ट्रेट डेव्हिड हाइल्पर्न 2020 मध्ये निवृत्त झाले आणि मग या कायद्याविरुद्ध उघड बोलू लागले. खुर्चीत असताना जे लोक रोज समोर उभे राहत होते त्यांच्याबद्दल बोलत होते ते.

2008 साली देशाच्या आरोग्य आणि कल्याण विषयक सांख्यिकी संस्थेनं खेड्यापाड्यांतल्या या वळवण्याच्या योजनांचा आढावा घेतला. वाहनं नाहीत, माणसं टिकत नाहीत, उपचार लांब, गुपित राहत नाही. आम्ही तो अहवाल वाचला आणि चहा पिताना हसलो. आम्हाला विचारलं असतं तर दोन मिनिटांत सांगितलं असतं.

गुपिताचं मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नाही. छोट्या गावात समुपदेशकाची मुलगी आणि आरोपीची मुलगी एकाच नेटबॉल संघात असतात. माझ्या मुलीच्या वाढदिवसाला आलेल्या एका आईनं मला दारातच पाहिलं आणि मुलीला सोडून तशीच परत फिरली. दोन दिवसांपूर्वी ती माझ्यासमोर खुर्चीत रडत होती. पुढच्या भेटीला मीच विषय काढला. आम्ही ठरवलं, दुकानात भेटलो तर आधी तिनं हसायचं, मग मी. ती नाही हसली तर मी ओळख दाखवायची नाही. हा नियम मग मी प्रत्येकाशी पहिल्याच दिवशी ठरवायला लागले. कुठल्याही नियमावलीत तो नाही.

आणि मूळनिवासी. ज्यांच्या जमिनीवर हे सगळं उभं आहे त्यांची संख्या तुरुंगात भरमसाट आणि मेरिटमध्ये मात्र कमी. कारण अटींतच आहे. मागचे गुन्हे, मारहाणीचा आरोप, जामीन नाकारलेला. ज्याच्यावर पोलिसांची नजर लहानपणापासून, त्याची यादी लांबच असणार. शिवाय 1897 चं 'संरक्षण' आजीकडून ऐकलेला माणूस, सरकार तुझ्या भल्यासाठी बोलावतंय म्हटल्यावर मागं सरकतो. अल्स्टनविलजवळ नमतजिरा हेवन हे त्यांच्या लोकांनी चालवलेलं केंद्र आहे. तिथं जायला मात्र ते तयार व्हायचे. लिस्मोरहून पुढं ही मेरिट योजना राज्यातल्या साठेक कोर्टांत पसरली. ऑरेंज आणि बॅथर्स्टला दारूसाठी वेगळी शाखा निघाली, कारण मूळ योजनेत दारू मोजतच नव्हते. खेड्यात बायकोचं डोकं फोडणारा नव्वद टक्के वेळा दारूच प्यालेला असतो, हे सांगायला परिषद लागत नाही. हे नव्वद टक्के माझ्या अंदाजानं.

2019 च्या ऑगस्टमध्ये मी सांगलीला होते. कृष्णा आयर्विन पुलाजवळ 57 फुटांच्या वर गेली, तेव्हाचा तो महापूर. पाणी ओसरल्यावर गाळ काढता काढता माझा भाचा, जो तालुक्याच्या कोर्टात वकिली करतो, त्याच्याशी बोलणं झालं. मला वाटत होतं, असलं काही आपल्याकडं कायद्यातच नाही. तो म्हणाला, "आत्या, आहे की. एनडीपीएसचं कलम 64अ." 1985 च्या या आपल्या अमली पदार्थ कायद्यात नशा करणाऱ्याला शिक्षा आहे. पण व्यसनी माणसावर सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा गुन्हा असेल आणि तो स्वतःहून सरकारमान्य केंद्रात उपचार घ्यायला तयार असेल, तर त्याच्यावर खटला चालत नाही. अल्प म्हणजे हेरॉईन 5 ग्रॅमपर्यंत, गांजा किलोपर्यंत. उपचार पूर्ण केले नाहीत तर ही सूट काढून घेता येते. म्हणजे कागदावर आपला कायदा लिस्मोरच्या पुढं. तिथं गुन्हा उभाच राहतो, इथं खटलाच नाही. "किती जणांसाठी वापरलंस?" मी विचारलं. फावडं तसंच ठेवून तो म्हणाला, "एकासाठीही नाही. अर्ज केला तर कोर्ट विचारणार, कुठल्या केंद्रात? मी कुठलं नाव सांगू? पक्षकार रोजंदारीवाला. महिनाभर पुण्याला जाऊन राहील का?"

वडील तेव्हा थकले होते, खाटेवर पडून ऐकत होते. त्यांनी पाटाची गोष्ट पुन्हा काढली नाही. मीही काढली नाही.

लिस्मोरचा महापूर त्यानंतर अडीच वर्षांनी आला. 28 फेब्रुवारी 2022. गावाभोवतीचा बंधारा दहा मीटर आणि वर थोडा, पाणी 14.4 मीटर. आधीच्या कुठल्याही पुरापेक्षा दोन मीटर जास्त. छपरांवर बसलेल्या माणसांना बाहेर काढलं ते बहुतेक गावकऱ्यांनीच, आपापल्या पत्र्याच्या होड्या घेऊन. त्या होड्यांत आमच्या यादीतली माणसंही होती, वल्ही मारणारी आणि बसलेली दोन्ही. एक जण सतत तीन दिवस लोक काढत होता. चौथ्या दिवशी त्याचा फोन आला: कोर्ट बुडालंय तर माझी तारीख धरायची की नाही? पुढं महिनाभर आम्ही भेटी घेतल्या त्या मोटारीत बसून, शाळेच्या ओट्यावर, एकदा तर चिखलानं भरलेल्या पलंगाच्या कडेवर.

आता नियम पुन्हा हलतायत. 2024 च्या फेब्रुवारीपासून राज्यात थोडी नशा सापडली तर कोर्टाऐवजी 400 डॉलरचा दंड, आणि फोनवर समुपदेशन घेतलं की तो दंड माफ, अशी सोय झाली. त्याच वर्षी सरकारनं नवी परिषद भरवली आणि तिची एक बैठक 4 नोव्हेंबरला लिस्मोरला झाली. मी मागच्या रांगेत बसले होते. वक्त्यांनी वाहतुकीचा विषय काढला. पंचवीस वर्षांनी पुन्हा.

बंद रेल्वेचे रूळ आता काही टप्प्यांत उखडून त्या जागी सायकलींसाठी रस्ता केलाय. कॅसिनोच्या बाजूनं तो आमच्याकडं येतो. रविवारी तिथं सिडनीहून आलेले पर्यटक महागड्या सायकली घेऊन हिंडतात. निवृत्तीआधीच्या माझ्या शेवटच्या महिन्यात, पावसाच्या दिवशी सकाळी नऊची भेट होती. नवा माणूस, परवाना गेलेला, कॅसिनोच्या बाजूचा. तो दहा मिनिटं आधीच दारात उभा, चिखलानं कमरेपर्यंत माखलेला, बाजूला कुणाच्या तरी मुलीची गुलाबी सायकल.

"आत घेऊ का?" त्यानं विचारलं. "कुलूप नाहीये."

मी दार धरून उभी राहिले. सायकल आत आली, आणि कॉरिडॉरमधून खोलीपर्यंत चिखलाची एक रेघ.